सपाट रेघ

बर्फ भूमिताच्या बापाच्या पेटीतला.
पहाटे तलावावरची मासळी साकोलीला निघते,
त्याआधी त्यानं थर्माकोलच्या कोपऱ्यातून
एक ढेकूळ फोडून दिलं, तनसात गुंडाळून.
शाळेत येईस्तोवर निम्मं तिच्या दप्तरात ओघळलं.
उरलेल्यात रोहूचा एक खवला,
नखाएवढा,
आत अडकून उजेड परतवत होता.

स्पिरिटचा दिवा शाळेला मिळाला तेव्हापासून कोरडाच आहे.
यमुनाबाईंनी खिचडी उतरवली अन् चूल आम्हाला दिली.
"लाकडं मापात जाळा सर, रजिस्टरात लिहा लागते."
गंजात बर्फ, बर्फात तापमापी,
शेडच्या आड्याला सुतळीनं टांगलेली.
नववीची एकवीस पोरं, घड्याळ एकच,
होमराजच्या मनगटावर, पाच मिनिटं पुढे.

पहिलं मिनिट. शून्य.
दुसरं. शून्य.
चौथ्याला कुणीतरी जांभई दिली.
सहाव्याला भूमिता वाकून म्हणाली,
"सर, हे हलूनच नाही रायलं. बिघडलं का?"
जाळ तर भडभडत होता,
गंजाचं बूड काळं, धुरानं डोळे चुरचुरलेले,
आणि लाल रेघ जागच्या जागी,
खुंटावरच्या ढोकरीसारखी.

मी वह्या बघत फिरलो.
खेमेश्वरच्या वहीत: शून्य, एक, तीन, चार, साडेसहा.
आलेख चढत गेलेला, पट्टीनं, सुबक.
"हे कुठून आणलंस?"
"खाली जाळ आहे न सर. मंग वाढनच."

साडेसहा.
तो अर्धा मला ओळखीचा वाटला.
मागच्या महिन्यात केंद्रावर धाडायच्या तक्त्यात,
वाचन-प्रगतीच्या रकान्यात,
मीही असेच अर्धे टाकले होते,
खरे वाटावेत म्हणून.
सहा पोरं जुलैपासून त्याच परिच्छेदावर अडखळत होती,
आणि वरून फोन: आलेख सपाट का?

मी त्याला काही बोललो नाही.
कोळसा उचलला, शेडच्या भिंतीवर आडवी रेघ ओढली.
म्हटलं, जाळ वाया जात नाही.
बर्फातले कण एकमेकांचे हात धरून उभे असतात,
ते हात सोडवण्यातच सगळी आंच खर्ची पडते.
शेवटचा हात सुटेस्तोवर आकडा हलत नाही.
पुस्तकात याला अप्रकट उष्मा म्हणतात.
"अप्रकट म्हंजे?"
"असते, पण दिसत नाही."
"सीआयडीवानी," मागून कोणीतरी.

एकोणिसाव्या मिनिटाला खवला सुटला.
गंजात एक गिरकी घेऊन तळाशी बसला.
थोड्या वेळानं रेघ उठली.
"दोन! सर, दोन!"
मग पाच, मग अकरा,
होमराज ओरडत होता, लिहिणाऱ्यांचे हात पुरत नव्हते.

नव्याण्णवला ती पुन्हा थांबली.
पुस्तकात शंभर.
"शंभर लिहू?" भूमितानं विचारलं.
सगळे माझ्याकडे बघत होते, खेमेश्वर जरा जास्तच.
"जे दिसते ते लिहा," मी म्हणालो.
वर्गात खोडरबर एकच आहे.
ते त्यानं हळूच मागून घेतलं.

वाफ जोरात निघाली तशी, न सांगता,
त्यानं थाळी उचलली, हापशीचं गार पाणी तिच्यात ओतलं,
गंजावर धरली, तिरपी, नेमक्या कोनात,
आणि खालून थेंब घरंगळत आले,
एकेक, माझ्या चहाच्या कपात.
"इथून पुढचं मले येते, सर."
मोहफुलं पडायचे दिवस.
आख्खा वर्ग हसला,
यमुनाबाईसुद्धा, पदर तोंडाला लावून.
नदीकाठचा तो धूर
शाळेत येताना मलाही रोज दिसतो.

महिनाअखेर तक्ता पुन्हा आला.
सहा नावांपुढे पेन टेकवून बराच वेळ बसलो,
मग जुलैचाच आकडा लिहिला, सहा वेळा.
शेरा लिहायला जागा शोधली.
जाळ चालू आहे का,
असा रकाना त्यात नव्हता.